म्हातारीचं वळण

सोमवार, २ फेब्रुवारी

हवाई प्रदर्शनाच्या कार्यक्रमाचा कागद आज हातात पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून ही वही काढली. डॉक्टर म्हणतात रागावू नका, बायको म्हणते बोलू नका. लिहायला अजून कुणी बंदी घातलेली नाही.

हकिकत अशी. महिनाअखेरीला आमच्या विमान संग्रहालयाचं मोठं प्रदर्शन आहे. त्यात एक जुनं लढाऊ विमान आणि एक नवं, अशी लुटुपुटीची लढाई लोकांना दाखवायची, असं संचालकांच्या डोक्यातून निघालं. जुनं विमान म्हणजे आमची म्हातारी. पथकात होतो तेव्हा मी हीच उडवायचो. संग्रहालयाने तिची डागडुजी करून तिला उडती ठेवली आहे, आणि तिचा परवाना असलेला मी एकटाच उरलोय. नवं विमान हवाई दलाचं, आणि ते उडवणार माझी लेक.

इथवर सगळं झकास. बाप-लेक समोरासमोर, आणखी काय पाहिजे? पण कागदावर लिहिलंय काय, तर 'जुने विमान पहिल्याच फेरीत धूर सोडत खाली जाते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात.' म्हणजे मी वर जायचं, मरायचं, आणि त्यावर लोकांनी टाळ्या पिटायच्या. लढाई दाखवताय की कत्तल?

वर आणि प्रदर्शनाच्या निवेदकाने आपल्या भाषणात म्हातारीला 'आजीबाई' म्हटलंय. 'आजीबाईंचे गुडघे कुरकुरतायत, मंडळी!' उचलली जीभ लावली टाळ्याला. हे मी तावातावाने बायकोला वाचून दाखवलं, तर ती म्हणते, तुम्ही तिला म्हातारी म्हणता ते चालतं वाटतं. मी म्हणालो, मी माझ्या आईलाही म्हातारी म्हणायचो, म्हणून शेजाऱ्याने म्हणावं असं नाही. त्यावर ती तोंड फिरवून भाजी निवडायला लागली. हसत होती बहुतेक.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

संचालकांना गाठलं. गृहस्थ सज्जन आहे, म्हणजे जो शेवटी बोलेल त्याचं ऐकतो. मी ठरवून शेवटी बोललो.

त्यांना सांगितलं, साहेब, नवं विमान वेगात बाप आहे, मान्य. आभाळात सरळ चढतं, मान्य. पण वेगाला वळायला जागा लागते. सायकल बोळात वळते, ट्रकला चौक लागतो. म्हातारीच्या मागे जो उतावीळपणे लागेल त्याच्या अंगावर ती अशी कचकन वळते, की तो भर्रकन पुढे निघून जातो आणि म्हातारी त्याच्या शेपटीमागे. हे मी केलेलं आहे, ऐकीव नाही.

शेवटी तोडगा निघाला. तीन वेळा विमानं एकमेकांना भिडणार. पहिल्या दोन भेटी नवीने, म्हणजे नव्या विमानाने, जिंकायच्या. तिसऱ्या भेटीत ती उजवीकडून माझ्यावर चाल करून येईल, मी तिच्याच दिशेने वळेन, ती पुढे निघून जाईल. मग ती आभाळात चढून सुटेल, कारण तिथे म्हातारीचा दम पुरत नाही. पण तेवढा एक क्षण लोकांना म्हातारी जिंकताना दिसेल. एवढंच मागतोय मी. जास्त मागितलं का?

येताना फाटकाच्या खांबाला गाडीचा उजवा आरसा घासला. करड्या भिंतीपुढे करडा खांब, दिसणार कसा माणसाला? त्याला पिवळा पट्टा मारा म्हणून सोसायटीला किती वेळा सांगायचं? बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. घरचीच माणसं अशी, तर निवेदकाला काय बोल लावणार.

रविवार, ८ फेब्रुवारी

लेक आली होती. तिला माझं वळण सांगितलं, आणि पोरगी टेबलावरच उसळली. म्हणाली, बाबा, हे असलं तर मजा आहे, मला ते तुमचं मरणं आवडलंच नव्हतं.

मग जेवण राहिलं बाजूला. वैमानिकाचे हात बांधले तर त्याला बोलताच येणार नाही. माझा डावा तळवा म्हातारी, तिचा उजवा तळवा नवी. ती ताटावरून माझ्यावर आली, मी भाजीच्या भांड्याला वळसा घालून निसटलो. ती म्हणाली, इथे मी वेग कमी केला तर? मी म्हणालो, कर की, तुझं विमान एवढ्या कमी वेगात दगडासारखं पडायला लागेल, म्हातारी तिथे आरामात गाणी म्हणत असते. ती म्हणाली, मग मी वर उडी घेईन आणि वरून येईन. मी म्हणालो, ये, तोवर मी उन्हात शिरून दिसेनासा झालेला असेन. असं तासभर चाललं. बायकोने शेवटी पाणी आणि भांडी दोन्ही आमच्या मधून काढून घेतली.

ही पोरगी माझ्यापेक्षा चांगलं उडवते. तिला हे सांगितलेलं नाही, डोक्यावर चढून बसेल. प्रशिक्षकांच्या शाळेसाठी तिचं नाव गेलंय, या वर्षी नक्की होणार असं तिच्या पथकप्रमुखांनी सांगितलंय. मला तिथे दोनदा नाकारलं होतं.

एकच गालबोट लागलं. उजव्या हाताला पाण्याचा तांब्या होता तो माझ्या कोपराने उडाला आणि लेकीच्या मांडीवर पालथा झाला. बायकोला किती वेळा सांगितलं, वस्तू टेबलाच्या कडेला ठेवत जाऊ नकोस. ती म्हणाली, कडेला नव्हता हो, तुमच्या समोर होता. समोर असता तर मला दिसला नसता का? लेकीने कपडे झटकले आणि तांब्या उचलून माझ्या डाव्या हाताला ठेवला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज पायी तालीम. बाहेरच्या माणसाने पाहिली तर त्याला वाटेल वेड्यांचं इस्पितळ सुटलंय. आकाशात जे करायचं ते आधी डांबरी धावपट्टीवर चालून करायचं, हात पंखांसारखे पसरून, रेडिओवर बोलायचं ते तोंडाने म्हणत. जगातले सगळे प्रदर्शनवाले वैमानिक हे करतात आणि कुणालाही त्याची लाज वाटत नाही.

लुटुपुटीच्या लढाईचा देव एकच. समोरच्यावरून नजर हटवायची नाही. हटली, तर लाज सोडून रेडिओवर 'दिसत नाही' म्हणायचं. ते शब्द कानावर पडले की दोघांनी पंख सरळ करायचे, एकाने वर, एकाने खाली जायचं, आणि खेळ खलास. ज्याने म्हटलं त्याची चौकशी होते. मी उभ्या आयुष्यात हे शब्द उच्चारलेले नाहीत.

पहिल्या दोन भेटी सुरेख झाल्या. तिसऱ्या भेटीत मी वळलो आणि धाडकन लेकीवर आदळलो. तिचा उन्हाचा चष्मा पडला. ती वेळेआधी आली होती, दुसरं काय! बघणारे हसले. निवेदक तर पोट धरून हसला. लेक हसली नाही. पुन्हा करू म्हणाली.

पुन्हा केलं. या खेपेला मी आलो तर तिचा पत्ताच नाही. मी हात पसरून उभा, मोठ्याने विचारतोय, कुठे गेली? सगळे माझ्या उजव्या खांद्याकडे बघतायत. मान वळवली तर ही माझ्यापासून हातभर अंतरावर, हात वर करून उभी, मुकाट्याने. म्हणजे चोरपावलांनी मागून आलेली. मी भडकलो. म्हटलं, ही तालीम आहे की लपाछपी? धावपट्टीवर ती मला सर म्हणते. 'सॉरी सर' म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. असा कितीसा मळला होता तो?

शनिवार, १४ फेब्रुवारी

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

कार्यक्रमाचा नवा कागद आला, त्यात माझं वळण कापलंय. ती पूर्ण वेळ माझ्या डाव्या बाजूला राहणार. आणि डावीकडे वळायची सोय नाही, कारण डावीकडे प्रेक्षक, आणि प्रेक्षकांच्या दिशेने वळायला सक्त मनाई. म्हणजे मी सरळ रेषेत जायचं आणि मरायचं. हा बदल कुणी सुचवला, म्हणून संचालकांना विचारलं, तर अंग चोरत म्हणाले, तुमच्या कन्येनेच.

आपलेच दात आपलेच ओठ. तेव्हा टेबलावर हसत होती आणि आता घाबरली. पथकातले सोबती चिडवतील ना, बापाच्या भंगाराने नव्याला चकवलं म्हणून. हरायची एवढी भीती असेल तर आधीच सांगायचं होतं.

मी संचालकांना म्हणालो, वळण नाही तर मी नाही, आणि मी नाही तर म्हातारी नाही. दुसरा वैमानिक आणा कुठून आणता ते. त्यांनी घाम पुसला आणि वळण परत घातलं. मी शेवटी बोललो होतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

लेक न कळवता आली. आल्या आल्या मायलेकी स्वयंपाकघरात, दार लोटून कुजबूज. मी आत गेलो की नळ सोडायच्या. मला वाटलं माझ्या वाढदिवसाचं काही चाललंय, पण तो तर पावसाळ्यात.

मग बाहेर येऊन ती माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, बाबा, उद्या माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. म्हटलं, कशाला? म्हणाली, उजवीकडचं तुम्हाला कमी दिसतंय असं मला वाटतं. कमी? मी जागेवरून न हलता समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, छापखान्याच्या फोन नंबरासकट. गेल्या तपासणीत शेवटची ओळ घडाघडा वाचली होती मी, डॉक्टर म्हणाला, साहेब, ही ओळ मलाही वाचता येत नाही. आणि ही मला डोळे दाखवा म्हणते!

वळण कापायला जमलं नाही म्हणून आता डोळ्यांचं काढलं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला खरंच असं वाटतं? मी म्हणालो, हो. ती उठून गेली. दारात बायको तिला म्हणत होती, तू नको जाऊस वर त्यांच्याबरोबर. ती म्हणाली, मी नाही गेले तर दुसऱ्या कुणाला पाठवतील, आणि त्याला काहीच माहीत नसेल. म्हणजे आता माझ्याबरोबर उडणं हा उपकार झाला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज जे झालं ते शांतपणे लिहायचं ठरवलं होतं. जमेल असं वाटत नाही.

आज आकाशातली तालीम. म्हातारी एका झटक्यात सुरू झाली. हवा स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही. पहिली भेट, दुसरी भेट, दोन्ही आखून दिल्यासारख्या. तिसऱ्या भेटीला मी जरा आधीच वळलो. मुद्दाम. ती पायी तालमीत वेळेआधी आली होती, तर म्हटलं तिला तिच्याच खेळात धरू. सुकाणूची काठी खेचली, म्हातारी अशी वळली, अशी वळली, की वय विसरलो मी. मग एकदम कानठळ्या बसवणारा गडगडाट आणि एक दणका, आभाळात खड्डा असावा तसा. दुपारची तापलेली हवा, होतं असं. आणि पाठोपाठ रेडिओवर लेकीचा आवाज. 'दिसत नाही. दिसत नाही. थांबवा.'

आधी माझा कानावर विश्वास बसला नाही. पंख सरळ केले, खाली आलो, उतरलो. विमानातून उतरताना माझ्या मनात काय होतं ते लिहितो, खोटं कशाला बोलू. आनंद होता. जिंकलो होतो.

पण खोलीत बसून सगळ्यांपुढे विचारपूस सुरू झाली, आणि ती उभी राहून म्हणाली, चूक माझी, सर माझ्या नजरेआड गेले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. तिचे पथकप्रमुख समोर, संचालक समोर, निवेदक समोर. मी म्हणालो, रडार आहे, सतरा सोयींचं हेल्मेट आहे, निरभ्र आकाश आहे आणि समोरचं लाल विमान दिसत नाही? आज माझ्या जागी दुसरा असता तर दोघं मेले असते. ज्याची नजर हटते त्याने आभाळात जाऊ नये.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "हो सर."

हेल्मेट छातीशी आवळून धरलं होतं तिने. लाज वाटली असणार. वाटायलाच हवी.

संचालकांनी लढाई कार्यक्रमातून काढून टाकली. पथकप्रमुखांनी तिला प्रदर्शनातूनही काढलं, आणि प्रशिक्षकांच्या शाळेचं एक वर्ष पुढे ढकललं. वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बायको बोलत नाही. चहा आणून ठेवला, तोही डाव्या हाताला, आणि निघून गेली. मी काय केलं? नजर मी हटवली का?

शनिवार, २१ फेब्रुवारी

सकाळपासून फोनवर फोन. पथकातले जुने मित्र. म्हणे, म्हाताऱ्या, नव्या विमानाला चकवलंस! पोरीला सोडलं नाहीस रे! एकाने तर त्याच्या नातवाला फोनवर बोलायला लावलं. मला वाटलं, लढाई गेली तर गेली, ते वळण तरी लोकांना दाखवावं. निवेदकाने मोठ्या पडद्यासाठी लेकीच्या हेल्मेटच्या कडेला एक छोटा कॅमेरा चिकटवला होता. ती जिथे बघेल तिथे तो बघणार. त्यात माझं वळण नक्की आलं असणार, म्हणून त्याच्या खोलीवर गेलो.

तो खूश होता. म्हणाला, साहेब, काय दृश्य मिळालंय, तुमचं विमान एकदम अंगावर येतं, पडद्यावर लावलं तर लोक खुर्च्या सोडून पळतील. त्याने ते सुरू केलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र.

चित्राच्या मधोमध म्हातारी. पहिल्या भेटीत मधोमध, दुसऱ्या भेटीत मधोमध. लेकीची मान जिथे वळली तिथे मी होतो, एक क्षणही कडेला सरकलो नाही. तिसऱ्या भेटीत मी वळलो, आणि मोठा व्हायला लागलो. आणखी मोठा. काच दिसली, काचेत माझं हेल्मेट दिसलं. ते सरळ समोर बघत होतं. मी तिच्या अंगावर चाललो होतो आणि माझी मान तिकडे वळलीही नव्हती. मग सगळं चित्र उलटं झालं, जमीन वर, आभाळ खाली, आणि म्हातारीची पाठ तिच्या डोक्याखालून सरकत गेली, इतकी जवळून की मला खिळ्यांच्या रांगा दिसल्या. उलटी असतानाही तिची नजर माझ्यावरच होती.

तो दणका तापलेल्या हवेचा नव्हता. तिच्या विमानाच्या झोताचा होता. आणि 'दिसत नाही' हे ती त्यानंतर म्हणाली होती. मी लिहून ठेवलंय, दणका आधी आणि आवाज पाठोपाठ.

निवेदक म्हणाला, भारी ना? मी कॅमेऱ्यातलं कार्ड उपसलं आणि खिशात घातलं. तो घ्यायला आला तेव्हा मी अशी काही आरडाओरड केली, माझं विमान, माझी परवानगी, कोर्टात खेचेन आणि काय काय, की तो मागे सरला. माझा तापटपणा सगळ्यांना माहीत आहे. कुणाला काही वेगळं वाटलं नसेल.

रविवार, २२ फेब्रुवारी

बायकोला म्हटलं, लेकीकडे ने. गाडी तिनेच चालवली. का जायचं ते तिने विचारलं नाही, त्यावरून कळलं की हिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

लेक तळावरच्या तिच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मी कार्ड तिच्या हातात ठेवलं. मी अजून संतापलेला होतो. खरं म्हणजे इतका कधीच नव्हतो.

"रेडिओवर खोटं बोललीस," मी म्हणालो.

"हो."

"बापाला जन्मात कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि तू बापासाठी खोटं बोललीस? काय अडलं होतं तुझं?"

ती घडी घालत राहिली. म्हणाली, "तुम्ही पुन्हा वळाल अशी भीती वाटली. थांबवायला तेच शब्द होते. आणि ते तुम्ही म्हणणार नव्हता."

मग मी तिला म्हणालो, मी आत्ताच्या आत्ता तुझ्या पथकप्रमुखांकडे जातो आणि सगळं सांगतो. तुझ्या नावावरचा डाग पुसून टाकतो. मी उठलोसुद्धा. तिने दार अडवलं. म्हणाली, नजर चुकली तर एक वर्ष जातं बाबा, रेडिओवर खोटं बोललं तर उडणंच जातं. तुम्ही खरं सांगितलंत तर मी कायमची खाली. चौकशीतल्या जबाबावर मी सही केली आहे.

मी बसलो. मी त्या खोलीत सगळ्यांसमोर तिला काय काय बोललो होतो ते एकेक आठवायला लागलं, आणि ती 'हो सर' म्हणाली होती ते. मी म्हणालो, मग तू मला आधी का नाही सांगितलंस? हे विचारलं आणि माझं मलाच हसू आलं, रडू पण आलं. तिने सांगितलं होतं की. मी कॅलेंडर वाचून दाखवलं होतं.

परतताना बायको पहिल्यांदा बोलली. म्हणाली, तुम्हाला गप्प बसायचंय आता. जमेल का?

मंगळवार, २४ फेब्रुवारी

डोळ्यांची डॉक्टरीण तरुण आहे आणि फटकळ आहे. तिने मला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत कुठेतरी दिवा चमकला की बटण दाबायचं. मधेच मी म्हणालो, बाई, तुमचं यंत्र बंद पडलंय, केव्हापासून दिवाच लागत नाही. ती म्हणाली, लागतोय काका.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत राहतो आणि कडेची नजर चोरासारखी जाते, मधली शाबूत राहते. म्हणून शेवटची ओळ वाचता येते. जी गेली ती परत येणार नाही. उरलेली थेंब घालून टिकवता येईल. हे सगळं तिने मला नव्हे, बायकोला सांगितलं, आणि मला त्याचाही राग आला.

तिथून सरळ संग्रहालयात जाऊन परवाना परत केला. कारण काय सांगू म्हणून बायकोला विचारलं होतं, ती म्हणाली पाठदुखी सांगा. उभ्या आयुष्यात माझी पाठ दुखलेली नाही! संचालकांनी हळहळ व्यक्त केली, पण चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, सुंठीवाचून खोकला गेला. आता म्हातारीला उडवायला कुणीच नाही, म्हणजे ती जमिनीवरच. तिच्या पोटावर हात ठेवून आलो. तिची देखभाल करणारा मिस्त्री म्हणाला, साहेब, निदान जिंकून थांबलात. मी मिठाची गुळणी धरली.

शनिवार, २८ फेब्रुवारी

प्रदर्शन झालं. जायचं नव्हतं, लेक म्हणाली नाही आलात तर लोक विचारतील.

नवं विमान तिच्या पथकातल्या दुसऱ्याच मुलाने उडवलं. बरं उडवलं, पण वळणात कच्चा आहे. लेक गणवेशात माझ्या डावीकडे बसली होती, मला दिसेल अशी. विमान उजवीकडून यायचं तेव्हा ती माझ्या गुडघ्यावर बोट टेकवायची आणि मी मान वळवायचो. आजूबाजूला कुणाच्या लक्षात आलं नाही. तो मुलगा फिरत होता आणि तिचे तळवे मांडीवर आपोआप वळत होते. त्या जागी ती असायला हवी होती. मी ते बघितलं आणि बघत राहिलो.

शेवटी म्हातारीला ओढून प्रेक्षकांसमोर आणलं. निवेदक कार्डाचा राग विसरला होता, की त्याचा सूड घेत होता, कळत नाही. माईकवर म्हणाला, "मंडळी, या आजीबाईंना हसू नका. परवाच्या तालमीत यांनी नव्याकोऱ्या विमानाला असं चकवलं, असं चकवलं, की आतली वैमानिक म्हणाली, दिसत नाही! आणि आजीबाईंना उडवणारे आजोबा आज इथे बसलेले आहेत. आणि ती वैमानिक कोण, माहितेय? त्यांचीच मुलगी!"

लोक खो खो हसले. मग टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या टाळ्या मला नोकरीत कधी मिळाल्या नव्हत्या. पथकातले जुने मित्र उभे राहून शिट्ट्या मारत होते. मागच्या रांगेत एक बाई कुणाला तरी म्हणाली, अशा पोरींच्या हातात विमानं देतात म्हणजे कमाल आहे.

माझी कानशिलं तापली. तोंडात शब्द आले होते, सगळे, एकापुढे एक. तो माईक माझ्यापासून चार पावलांवर होता. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. लेक माझ्याकडे वळून हसत होती आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. डोळे हसत नव्हते तिचे. ओठ न हलवता ती म्हणाली, "बाबा, उभे राहा. हात करा."

मी उभा राहिलो आणि लोकांना हात केला.